उद्दिष्टपत्रके भरण्याआधी : पुण्यातील व्यवस्थापकांना खुले पत्र

पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातील कारखाने, सॉफ्टवेअर कंपन्या, सहकारी संस्था आणि बँका यांचे व्यवस्थापकीय संचालक व मनुष्यबळ विभागप्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

मार्च महिना अर्धा सरला आहे. या दिवसांत आपल्या कार्यालयांत दोन कामे एकाच वेळी चालू असतात : सरत्या वर्षाचे मूल्यमापन उरकायचे असते आणि १ एप्रिलपासून सुरू होणाऱ्या वर्षाची उद्दिष्टे ठरवायची असतात. भोसरी आणि चाकण येथील कारखान्यांच्या कार्मिक विभागांत मी ३१ वर्षे काम केले आणि त्यांतला प्रत्येक मार्च याच दोन कामांत घालवला. केआरएची, म्हणजे प्रत्येकाच्या कामाच्या मुख्य उद्दिष्टांची, असंख्य पत्रके माझ्या हातांखालून गेली. त्यांतील बहुतेक पत्रके ज्यांच्या नावाची होती त्यांनी ती लिहिलेली नव्हती. वरिष्ठांनी, किंवा वरिष्ठांच्या वतीने आमच्या विभागाने, गेल्या वर्षीच्या पत्रकात आकडे बदलून ती तयार केलेली होती आणि संबंधिताने त्यावर सही तेवढी केली होती. यंदाची पत्रके भरली जाण्याआधी त्या सहीविषयी मला आपल्याशी बोलायचे आहे.

उद्दिष्टांद्वारे व्यवस्थापन ही कल्पना व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी १९५४ साली मांडली, हे आपल्यापैकी बहुतेकांनी अभ्यासक्रमात वाचलेले असेल. मात्र ड्रकर यांचा मूळ शब्दप्रयोग ‘उद्दिष्टे आणि स्वनियंत्रण यांद्वारे व्यवस्थापन’ असा होता आणि त्याचा उत्तरार्ध आपल्या कचेऱ्यांपर्यंत पोहोचेतो गळून पडला. स्वनियंत्रणाचा त्यांना अभिप्रेत असलेला अर्थ अगदी व्यवहारी आहे. माणसाला आपले काम कुठवर आले हे स्वतः मोजता यावे, ते मोजमाप वरिष्ठाच्या आधी त्याच्या हाती पडावे आणि काही चुकत असेल तर कोणी बोलावून विचारण्यापूर्वी त्यानेच ते सुधारावे. याचे उदाहरण म्हणून त्यांनी जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीतील एक पद्धत दिली होती. तेथे फिरते तपासनीस दरवर्षी प्रत्येक विभागाची बारकाईने पाहणी करत, परंतु त्यांचा अहवाल त्या विभागाच्या व्यवस्थापकाच्याच हाती दिला जाई. आपल्याकडे आज आकड्यांची कमतरता अजिबात नाही. पण सकाळच्या मिटिंगमध्ये सर्वांसमोर पडद्यावर जेव्हा उद्दिष्टापेक्षा कमी पडलेला कालच्या पाळीचा आकडा लाल रंगात झळकतो, तेव्हा त्या लाइनच्या सुपरवायझरलाही तो अनेकदा पहिल्यांदाच दिसत असतो. अशा माणसाने सुधारणेचा विचार करावा अशी अपेक्षा आपण कशी धरावी? तो खुलाशाचीच तयारी करून येतो, आणि दुसऱ्या दिवसापासून आकडा लाल होऊ नये एवढीच त्याची खटपट असते.

या खटपटीचा परिणाम काय होतो हे मी एका कारखान्यात जवळून पाहिले आहे. तेथे ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचे भाग तयार होत असत. मशीन शॉपचे उद्दिष्ट प्रत्येक पाळीत किती नग निघाले यावर मोजले जाई. त्यामुळे ज्या शाफ्टला बराच वेळ लागे तो मागे ठेवून झटपट निघणाऱ्या छोट्या बुशांचे ढीग लावण्याकडे सर्वांचा कल असे. खरेदी विभागाला किलोमागे दर कमी करायचा होता, म्हणून त्यांनी पोलाद ट्रक भरून मोठ्या खेपांत मागवायला सुरुवात केली. स्टोअर्सचे उद्दिष्ट महिनाअखेरीस मालसाठ्याचे मूल्य कमी ठेवण्याचे होते. परिणामी २५ तारखेनंतर आलेला माल गेटच्या आत घेतला जात नसे आणि पोलादाचे ट्रक बाहेर रस्त्याच्या कडेला उभे राहत. गुणवत्ता विभागाचा आकडा ग्राहकाकडून परत आलेल्या नगांवर ठरत असल्याने जरा शंका आली तरी ते माल अडवून ठेवत, आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर ते योग्यच होते. वर्ष संपले तेव्हा या चारही विभागप्रमुखांची पत्रके हिरवी होती. असेंब्लीला मात्र शाफ्ट वेळेवर मिळाले नाहीत, आणि ग्राहकाने कंटाळून पुढच्या मागणीतला मोठा हिस्सा दुसऱ्या पुरवठादाराकडे वळवला. त्या चौघांपैकी एकानेही कामचुकारपणा केलेला नव्हता, हे मला आजही लागते. त्यांनी जे लिहून दिले होते ते केले होते. चौघांना एका टेबलाशी बसवून, ग्राहकाच्या हाती वेळेवर पूर्ण संच पडावा यासाठी तुम्ही एकमेकांना काय देणे लागता, हा प्रश्न वर्षाच्या सुरुवातीला कोणी विचारलाच नव्हता. आणि तो विचारण्याची जबाबदारी ज्यांची होती त्यांत मीही होते.

हा दोष मोजण्याचा आहे, म्हणून मोजणेच सोडून द्यावे असे मी म्हणत नाही. मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी १९६८ पासून आणि पुढे गॅरी लॅथम यांच्यासह केलेल्या संशोधनातून हे पुरेसे सिद्ध झाले आहे की ‘जमेल तितके चांगले करा’ असे सांगण्यापेक्षा निश्चित आणि अवघड उद्दिष्ट दिले तर माणसे अधिक काम करतात; मात्र ते उद्दिष्ट त्यांनी मनापासून स्वीकारलेले असावे लागते आणि आपण कुठवर आलो हे त्यांना वेळोवेळी कळावे लागते. या दोन अटी गाळून केवळ अवघड आकडा तेवढा उचलला की काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतील वेल्स फार्गो या बँकेने जगापुढे ठेवले आहे. प्रत्येक ग्राहकाला बँकेची आठ उत्पादने विकण्याचा आग्रह वरून खालपर्यंत इतका ताणला गेला की शाखांतील कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावाने खाती उघडली. २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला आणि सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना कामावरून काढल्याचे समोर आले. आपल्या बँकांत आणि पतसंस्थांत विमा, ठेवी, कार्डे यांची टार्गेटे शाखा व्यवस्थापकांना कशी कळवली जातात, हे आपण एकदा स्वतः शाखेत बसून पाहावे अशी माझी विनंती आहे. आकडा द्यायचा आणि तो कोणत्या मार्गाने गाठायचा याविषयी मौन पाळायचे, या प्रथेवर गुणवत्तातज्ज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी आयुष्यभर टीका केली. ते उद्दिष्टांद्वारे व्यवस्थापनाच्याच विरोधात होते. मी त्यांच्याइतकी पुढे जाऊ शकत नाही, पण आकड्याबरोबर मार्गाची चर्चा झालीच पाहिजे हे त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे पटते.

ड्रकर यांच्या विवेचनात मला सर्वांत मोलाची वाटलेली आणि आपल्याकडे जवळजवळ कोणीच न वापरलेली गोष्ट म्हणजे व्यवस्थापकाचे पत्र. त्यांनी एका कंपनीप्रमुखाची पद्धत सांगितली आहे. त्याचा प्रत्येक सहकारी वर्षातून दोनदा त्याला पत्र लिहीत असे. त्या पत्रात आधी वरिष्ठाच्या कामाची उद्दिष्टे आपल्याला जशी समजली तशी लिहायची, मग आपल्या कामाची. आपले काम कोणत्या कसोट्यांवर जोखले जाते असे आपल्याला वाटते ते लिहायचे. ती उद्दिष्टे गाठण्यासाठी आपण काय करणार आणि आपल्याच विभागात कोणते मोठे अडथळे आहेत ते सांगायचे. त्यानंतर वरिष्ठांच्या आणि कंपनीच्या कोणत्या गोष्टींची आपल्याला मदत होते आणि कोणत्या आड येतात हे नोंदवायचे, आणि शेवटी येत्या वर्षात आपण काय करू इच्छितो ते मांडायचे. वरिष्ठाला हे मान्य झाले की ते पत्र म्हणजेच त्या माणसाची वर्षभराची सनद. यात उद्दिष्ट वरून खाली येत असतानाच अडचण खालून वर जाते, आणि दोघांच्या समजुतीत अंतर असेल तर ते एप्रिलमध्येच उघड होते.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी हा प्रयोग एका लहान प्रमाणावर करून पाहिला. भोसरीतील एका कारखान्यात उष्णता प्रक्रिया आणि त्याला जोडून असलेल्या विभागांतील ११ सुपरवायझर आणि चार्जमन (पाळीवर देखरेख करणारे) यांना आम्ही साध्या कागदावर, मराठीत, असे पत्र लिहायला सांगितले. पहिले दोन आठवडे कोणीच लिहिले नाही. ‘लिहिले की ते आमच्या फायलीला लागेल’ अशी भीती होती, आणि पूर्वानुभव पाहता ती अनाठायी नव्हती. शेवटी विभागप्रमुखांनी स्वतःचे पत्र आधी लिहून सर्वांना वाचून दाखवले आणि त्यात आपल्या दोन चुका कबूल केल्या. त्यानंतरच बाकीची पत्रे आली.

त्यातले एक पत्र मी विसरू शकत नाही. आपल्या पट्ट्यातील कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. आमच्या भट्ट्या बुधवारी रात्री बंद होत आणि शुक्रवारी पहाटे गार अवस्थेतून पेटवाव्या लागत. कार्बुरायझिंगसाठी, म्हणजे पोलादाच्या पृष्ठभागात कार्बन मुरवून तो कठीण करण्यासाठी, भट्टी ९०० अंश सेल्सिअसच्या वर न्यावी लागते, आणि तिथवर पोहोचून तापमान स्थिर होईपर्यंत शुक्रवारच्या पहिल्या पाळीचा मोठा भाग संपलेला असे. पण उत्पादनाचे साप्ताहिक उद्दिष्ट दुसऱ्या शहरातील मुख्य कार्यालयात सहा दिवसांत समान वाटून तयार केले जात होते. शुक्रवारची पहिली पाळी त्यामुळे दर आठवड्याला लाल दिसे, आणि त्या पाळीवर येणारा प्रत्येक चार्जमन वर्षानुवर्षे ‘सरासरीपेक्षा कमी’ ठरत आला होता. पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांनी एवढेच सुचवले होते की गुरुवारी रात्री एका माणसाला लवकर बोलावून भट्टी पेटवून ठेवावी, किंवा ते शक्य नसेल तर शुक्रवारचा आकडा वेगळा धरावा. ही सूचना अमलात आणायला आम्हाला एक आठवडा पुरला, आणि ती आमच्यापर्यंत येण्याची वाट मात्र नऊ वर्षे बंद होती. त्या नऊ वर्षांत त्यांनी प्रत्येक वर्षी आपल्या उद्दिष्टपत्रकावर सही केली होती. त्यांच्यापुढे पत्रक ठेवणाऱ्या आम्हा लोकांना शुक्रवार आणि शनिवार यांतला फरक ठाऊक नव्हता.

सर्वांचे ध्येय एक असावे आणि तरीही प्रत्येकाची अडचण रोजच्या रोज ऐकली जावी, याची व्यवस्था आपल्या मातीत फार जुनी आहे. आळंदीची पालखी पुण्यात भवानी पेठेत मुक्काम करते, दिवे घाट चढून सासवडकडे जाते, आणि आषाढी एकादशीला पंढरपूर गाठण्याच्या उद्दिष्टात कोणालाही बदल करता येत नाही. दिंड्यांचे क्रमांक, चालण्याचा क्रम आणि विसाव्याच्या जागा ठरलेल्या असतात; एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला लावलेली शिस्त आजही पाळली जाते. पण मुक्कामाच्या तळावर समाजआरतीच्या वेळी जे घडते ते मला व्यवस्थापनाच्या दृष्टीने विलक्षण वाटते. चोपदार दंड उंचावतात, तेव्हा सगळे टाळ थांबतात. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती आपले टाळ वाजवतच राहते. चोपदार त्या दिंडीपाशी जातात, तिचे म्हणणे ऐकून घेतात, मार्ग काढतात, आणि मगच पुढची आरती होते. हजारो माणसांच्या चालत्या व्यवस्थेत लहानशा दिंडीलाही सर्वांना थांबवून बोलता येते आणि त्यासाठी तिला कोणाच्या मर्जीची गरज लागत नाही. आपल्या तिमाही आढावा बैठकीत असे टाळ वाजवण्याची जागा कुठे आहे, याचा आपण विचार करावा. जपानी कंपन्यांनी १९६० च्या दशकात होशिन कान्री या नावाने जी पद्धत विकसित केली तिच्यातही उद्दिष्ट चेंडूसारखे वरच्या आणि खालच्या पातळीत अनेकदा फेकले-झेलले जाते, आणि दोन्ही बाजूंची खात्री पटल्यावरच ते पक्के होते. आपल्या परिसरातील जपानी भागीदारी असलेल्या कारखान्यांत ही पद्धत फलकांवर लिहिलेली मी पाहिली आहे. चेंडू खालून वर परत आलेला मात्र क्वचितच पाहिला.

आता पगारवाढीविषयी. उद्दिष्टांची चर्चा आणि पगारवाढीची चर्चा एकाच खुर्चीत, एकाच अर्ध्या तासात होते तोवर कोणीही अवघड उद्दिष्ट स्वतःहून घेणार नाही आणि खरी अडचणही सांगणार नाही, असे माझे ठाम मत आहे. जनरल इलेक्ट्रिकमध्ये झालेल्या आणि १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेमके हेच आढळले होते : टीकेने काम सुधारत नाही, दोघांनी मिळून ठरवलेल्या उद्दिष्टांनी सुधारते, आणि म्हणून या दोन बैठका वेगळ्या ठेवाव्यात. आपल्या देशातही १९७५ साली व्यवस्थापनाचे प्राध्यापक उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी लार्सन अँड टुब्रोसाठी मनुष्यबळ विकासाची जी रचना सुचवली, तिच्यात मूल्यमापनाचा मुख्य हेतू माणसाची वाढ हा धरला होता. त्यानंतरही आपण बहुतेक ठिकाणी सगळे एकत्रच कालवले आणि त्यावर बेल कर्व्ह, म्हणजे प्रत्येक श्रेणीत किती जण बसवायचे हे आधीच ठरवणारी प्रतवारी, बसवला. आठ जणांच्या गटाला एक सामाईक उद्दिष्ट द्यायचे, आणि वर्षाअखेरीस त्यांतील एकाला सक्तीने तळाची श्रेणी द्यायची, या दोन गोष्टी एका व्यवस्थेत नांदू शकत नाहीत. कारण शेजाऱ्याला मदत करणे म्हणजे स्वतःची श्रेणी धोक्यात घालणे, हे त्या आठही जणांना ठाऊक असते. मायक्रोसॉफ्टने अशी सक्तीची प्रतवारी २०१३ मध्ये बंद केली. हिंजवडीतील ज्या कंपन्यांत माझे काही जुने विद्यार्थी काम करतात त्यांत ती आजही चालू आहे. तेथे टेस्टरचे उद्दिष्ट जास्तीत जास्त दोष शोधणे आणि डेव्हलपरचे उद्दिष्ट कमीत कमी दोष नोंदवले जाणे असे असल्यामुळे, अमुक गोष्ट दोष आहे की नाही यावर दोन्ही गटांचे तास खर्ची पडतात, असे ते सांगतात. ही मुले हुशार आहेत, मेहनती आहेत, आणि पोर्टल बंद होण्याच्या आदल्या रात्री गेल्या वर्षीचे केआरए चिकटवून मोकळी होतात, याचे मला फार वाईट वाटते.

ज्यांच्याकडे असे पत्रकही नाही त्यांच्याविषयी लिहिल्याशिवाय मला हे पत्र पुरे करता येणार नाही. चाकण, रांजणगाव, तळेगाव येथील लाइनवर उभी असलेली कितीतरी माणसे कंत्राटी आहेत किंवा प्रशिक्षणार्थी म्हणून घेतलेली आहेत. मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश, बिहार आणि ओडिशातून आलेल्या या मुलांच्या हातून आपला माल तयार होतो. आपल्या ग्राहकाला दोषरहित भाग देण्याचे उद्दिष्ट ज्या हातांवर अवलंबून आहे, त्या हातांना ते उद्दिष्ट कोणी सांगितलेलेच नसते. त्यांना फक्त तासाला किती नग एवढा आकडा माहीत असतो, आणि काही महिन्यांनी ती जागा दुसऱ्याची होते. सामाईक उद्दिष्टे हा शब्द वापरताना कायम कर्मचाऱ्यांच्या यादीपाशी थांबणे मला न्याय्य वाटत नाही, आणि धंद्याच्या हिशेबानेही ते शहाणपणाचे नाही. पाळी सुरू होताना दहा मिनिटे त्यांच्याशी, त्यांना समजेल त्या भाषेत, आज हा भाग कोणाकडे जाणार आहे आणि काल काय अडले हे बोलता येणे अशक्य नाही. युनियनच्या प्रतिनिधींनाही यात घ्यावे. वेतन कराराच्या वेळी उत्पादकतेचे आकडे ठरवताना आपण त्यांच्याशी तासन्‌तास बोलतो. तेच आकडे गाठण्याच्या वाटेतले अडथळे दूर करताना त्यांना बाहेर ठेवण्याचे काही कारण मला दिसत नाही.

माझी मागणी मोठी नाही. संपूर्ण व्यवस्था बदलायला आपल्याला वेळ लागेल हे मी जाणते, म्हणून यंदा एकच विभाग निवडावा. त्या विभागासाठी आपण स्वतः आधी पत्र लिहावे, त्यात कंपनीची यंदाची दोन किंवा तीनच उद्दिष्टे आणि त्यांतली आपली जबाबदारी नोंदवावी, आणि ते सर्वांना वाचून दाखवावे. मग त्यांच्याकडून पत्रे मागवावीत, मराठीत किंवा हिंदीत, हाताने लिहिलेली चालतील. प्रत्येक पत्राला पंधरा दिवसांत लेखी उत्तर जावे, ज्या अडचणीवर काही करता येणार नसेल तेथे तसे कारणासह स्पष्ट लिहावे, आणि या पत्रांचा पगारवाढीच्या फायलीशी संबंध येणार नाही असे आपल्या सहीने जाहीर करावे. ऑक्टोबरमध्ये तीच पत्रे पुन्हा काढून दोघांनी शेजारी बसून वाचावीत. ग्राहकाची मागणी बदलली असेल किंवा यंत्र बंद पडले असेल तर उद्दिष्टही बदलावे. ज्या विभागांचे काम एकमेकांत अडकलेले आहे त्यांच्या प्रमुखांच्या पत्रांवर शेजारच्या विभागप्रमुखाचीही सही घ्यावी. गिअरबॉक्सच्या त्या कारखान्यात एवढे जरी आम्ही केले असते, तरी पोलादाचे ट्रक रस्त्यावर उभे राहिले नसते.

त्या ११ जणांच्या संमतीने त्यांच्या पत्रांच्या छायाप्रती, नावे झाकून, मी जपून ठेवल्या आहेत. आपल्यापैकी ज्यांना हा प्रयोग करण्यापूर्वी नमुना पाहायचा असेल त्यांच्या कारखान्यात त्या घेऊन यायला मी तयार आहे. गुरुवार सोडून कोणताही दिवस सांगावा, म्हणजे लाइन चालू असेल आणि आपले सुपरवायझरही सोबत बसू शकतील. शक्य झाल्यास शुक्रवार सकाळ ठरवावी.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त कार्मिक अधिकारी
पुणे